बडोद्यातील मराठी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र: विकिपीडियावर आपल्याच संस्थेविषयी लिहिताना

बडोद्यातील महाराष्ट्र मंडळे, मराठी ग्रंथालये, नाट्य व संगीत संस्था, शाळा, देवस्थानांचे ट्रस्ट आणि जुन्या दरबारी घराण्यांतील मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर कोणीही लिहू शकतो, आणि याच मोकळीकीमुळे आपल्या संस्थांच्या बाबतीत एक ठरावीक घोळ होतो. अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ येते. आपले विकिपीडियावर पान हवे असे कार्यकारिणीत ठरते आणि एखादा तरुण सभासद स्मरणिकेतला मजकूर जसाच्या तसा चढवतो. लवकरच त्यावर प्रताधिकारभंगाचा नाहीतर जाहिरातबाजीचा साचा, म्हणजे इशाऱ्याची ठरावीक चौकट, लागतो. प्रत्येक लेखाला जोडून चर्चेसाठी वेगळे पान असते; त्या चर्चा पानावर उत्तर कोणी देत नाही आणि लेखाचे पान वगळले जाते. संस्थेला वाटते आपला अपमान झाला, संपादकांना वाटते आणखी एक जाहिरात गेली. यात खरी, तपासता येणारी माहिती वाचकापर्यंत पोचतच नाही, आणि ती बऱ्याचदा फक्त तुमच्याच कपाटात असते.

आमची, म्हणजे बडोद्यातील मराठी विकिपीडियाच्या काही संपादकांची, विनंती थोडक्यात अशी आहे: आपल्या संस्थेचा, घराण्याचा किंवा वडिलांचा लेख स्वतः लिहू नका. त्या लेखाच्या चर्चा पानावर मात्र आपले नाते उघड सांगून जरूर या. हे कसे करायचे, कुठे अडते आणि का अडते, ते पुढे लिहितो.

आधी हितसंबंध कशाला म्हणायचे ते. तुम्ही संस्थेचे अध्यक्ष, चिटणीस, विश्वस्त किंवा पगारी कर्मचारी असाल, ज्यांच्यावर लेख आहे त्यांचे पुत्र, सून, नातू वा शिष्य असाल, किंवा संस्थेच्या वेबसाइटचे वा छपाईचे काम तुमच्याकडे असेल, तर त्या लेखापुरता तुमचा हितसंबंध आहे. असे म्हणणे हा आरोप नव्हे. हितसंबंध नात्यावरून ठरतो, हेतूवरून नाही, त्यामुळे अत्यंत सचोटीच्या माणसालाही तो असू शकतो. उलट, नुसते बडोदेकर असणे, मराठी असणे किंवा एखाद्या वाचनालयाचे वर्गणीदार असणे हा हितसंबंध नाही. सयाजीराव महाराजांबद्दल अपार आदर आहे म्हणून त्यांच्या लेखाला हात लावू नका, असे कोणीही सांगणार नाही. तिथे तटस्थपणे लिहिण्याचा नियम लागू होतो, आणि तो सर्वांनाच आहे. सयाजीराव विद्यापीठातील प्राध्यापकांनी आपल्या विषयावर, समजा पुरातत्त्वावर किंवा संस्कृत हस्तलिखितांवर, मोकळेपणाने लिहावे. मात्र विद्यापीठाविषयी किंवा आपल्याच विभागाविषयी ते लिहू लागले की हितसंबंध आला, आणि विद्यापीठ त्याच कामाचे पैसे देत असेल तर ते जाहीर करावेच लागते.

पैशांचा हा नियम सल्ल्याच्या पातळीवरचा नाही. जून २०१४ पासून तो विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींत आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने पैसे कोण देतो, काम कोणासाठी चालले आहे आणि आणखी कोणता संबंध आहे, हे सांगायचे असते. सदस्य पानावर (आपल्या खात्याच्या ओळखीच्या पानावर), लेखाच्या चर्चा पानावर किंवा बदल जतन करताना भरायच्या ‘बदलांचा आढावा’ या चौकटीत, यांपैकी एका जागी सांगितले तरी नियम पुरा होतो. तरी सदस्य पानावर ते असावेच असे आमचे मत आहे, कारण जुने आढावे उलगडत बसायला कोणाला वेळ नसतो. मोबदला म्हणजे फक्त पाकीट नव्हे. ग्रंथपालाला कामाच्या वेळात संस्थेचे पान लिहायला सांगितले तर त्याचा पगार हाच मोबदला, आणि विद्यार्थ्याला त्यासाठी मानधन दिले तर तेही मोबदल्यातच धरले जाते.

खाते उघडताना पहिली चूक नावात होते. संस्थेच्या नावाने खाते काढले जाते आणि परवलीचा शब्द चिटणिसाकडून पुढच्या चिटणिसाकडे जातो. खाते एका माणसाचे असते. नाव टोपण असले तरी चालते, पण त्यामागे एकच व्यक्ती हवी, कारण चर्चेत कोण बोलते आहे आणि शब्द कोणी दिला हे समोरच्याला कळले पाहिजे. संस्थेच्या नावाच्या खात्यावर प्रतिबंध घातला जातो. मग दुसरे खाते निघते, तिसरे निघते, सगळी एकमेकांना दुजोरा देऊ लागतात आणि साध्या चुकीला फसवणुकीचे रूप येते. लॉग-इन न करता बदल केला तरी तो पानाच्या बदलांच्या इतिहासात नोंदला जातोच. एकाच माणसाची अनेक खाती ओळखण्याची तांत्रिक तपासणीही होते.

सदस्य पानावर काय लिहायचे? दोन ओळी पुरे: ‘मी अमुक मंडळाचा चिटणीस असून हे काम विनावेतन करतो. मंडळाच्या लेखात मी थेट बदल करणार नाही, माझ्या सूचना चर्चा पानावर लिहीन.’ घरचा पत्ता, फोन नंबर काही देऊ नका. पद सोडले की ओळ खोडू नका, ‘अमुक वर्षापर्यंत चिटणीस होतो’ अशी दुरुस्त करा.

चर्चा पानावरची विनंती नेमकी असेल तितकी लवकर मार्गी लागते. ‘लेखात खूप चुका आहेत, कृपया दुरुस्त कराव्यात’ असे लिहिले तर कोणीही काही करू शकत नाही. सध्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवा, त्याखाली हवे असलेले वाक्य लिहा, मग आधार द्या. आधारात प्रकाशन, वर्ष किंवा तारीख आणि पान क्रमांक हवाच. शेवटी आपले नाते सांगून चार वळणचिन्हांनी (~~~~) सही करा, म्हणजे नाव आणि वेळ आपोआप उमटते. उदाहरणार्थ: ‘लेखात स्थापना १९२४ अशी आहे, ती १९२१ करावी. अमुक दैनिकाच्या अमुक तारखेच्या अंकात पान ३ वर उद्घाटनाची बातमी आहे. मी या संस्थेचा विश्वस्त आहे.’ एका विनंतीत एकच बदल मागा. दहा बदल एकत्र मागितले की त्यातल्या एका वादग्रस्त बदलापायी नऊ निर्विवाद बदलही खोळंबतात.

मग थांबावे लागते. मराठी विकिपीडियावर नियमित काम करणारी माणसे थोडी आहेत आणि सगळी हौशी आहेत. दोन-तीन आठवडे गेले तरी उत्तर नसेल तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सर्वांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, त्या चर्चा पानाचा दुवा देऊन आठवण करा, किंवा एखाद्या प्रचालकाच्या (पाने वगळण्याचे, सुरक्षित करण्याचे अधिकार असलेल्या संपादकाच्या) चर्चा पानावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘सर्व सभासदांनी जाऊन पाठिंबा द्यावा’ असा निरोप मात्र फिरवू नका. तिथे निर्णय डोकी मोजून होत नाही, आधार पाहून होतो. एका दिवसात जन्मलेली वीस खाती एकच वाक्य लिहू लागली की तुमची बाजू खरी असली तरी संशयाची ठरते.

काही कामे मात्र तुम्ही स्वतः, कोणाला न विचारता करू शकता. कोणी शिवीगाळ लिहून गेले असेल तर ती काढा. शुद्धलेखन सुधारा. मेलेला दुवा बदला. हयात व्यक्तीविषयी बिनआधाराचा बदनामीकारक मजकूर दिसला तर तो ताबडतोब काढा. दर वेळी आढाव्यात कारण आणि आपले नाते लिहा. कोणी तो बदल उलटवला तर पुन्हा करू नका, चर्चा पानावर जा. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की प्रतिबंध लागू शकतो, मग बाजू कोणाचीही बरोबर असो. ‘नोटीस पाठवतो’ अशी धमकी तर चुकूनही लिहू नका. कोर्टात जाण्याचा हक्क तुमचा आहेच, पण धमकी उभी असेपर्यंत तिथे संपादन करू दिले जात नाही.

आता आधारांविषयी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

स्मरणिका हा संस्थेने स्वतःविषयी छापलेला दस्तऐवज आहे. स्थापनेचे वर्ष, पहिल्या कार्यकारिणीतील नावे, इमारत कधी बांधली, एवढ्यासाठी ती चालते. ‘गुजरातमधील सर्वांत जुनी मराठी संस्था’ यासाठी ती चालत नाही. तिथे संस्थेशी संबंध नसलेल्या कोणी तरी लिहून छापलेले हवे. कार्यक्रमानंतर तुम्हीच दिलेले प्रसिद्धिपत्रक वर्तमानपत्रात छापून आले तर कागद वर्तमानपत्राचा असला तरी मजकूर तुमचाच असतो, आणि जाणता संपादक ते पहिल्या वाक्यातच ओळखतो. संस्थेचे स्वतंत्र पान असावे की नाही हेही यावरच ठरते: संस्थेबाहेरच्या किमान दोन-तीन लेखकांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिलेले असावे. तसे नसेल तर बडोद्याच्या लेखात दोन ओळी येणे हेच योग्य, आणि त्यात कमीपणा काही नाही.

बडोद्याचे भाग्य असे की छापील आधार इथे भरपूर आहेत. गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांचे १९२३ चे दोन खंडी बडोदा राज्य गॅझेटियर, राज्याचे वार्षिक प्रशासन अहवाल, जनगणनेचे अहवाल, दरबारी कागदांतून निवडून छापलेले खंड, हे सगळे आहे. भारतात सरकारी प्रकाशनावरचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे गॅझेटियर वापरायला मोकळे आहे. लेखकाच्या नावाने निघालेल्या पुस्तकाला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजावी लागतात. अलीकडच्या घडामोडींसाठीही बातम्या सापडतात: फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यातच भरले होते आणि वृत्तपत्रांनी त्याविषयी पुष्कळ लिहिले.

आधार हाताशी असला की विशेषणांची गरज उरत नाही. ‘शिक्षणमहर्षी, दूरदर्शी, प्रजाहितदक्ष राजाने क्रांतिकारी पाऊल उचलले’ या वाक्यातून वाचकाला काही कळत नाही. ‘सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला’ यातून प्रयोग, थांबणे, विस्तार सगळे कळते, आणि महाराजांची थोरवीही न सांगता पोचते. ग्रंथालयांचेही तसेच. ‘भव्य ग्रंथालय चळवळ’ म्हणण्यापेक्षा १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्याच्या ग्रंथालयांची उभारणी त्यांच्याकडे सोपवली, हे लिहा.

दरबारी घराण्यांतील मंडळींना येथे विशेष सांगणे आहे. तुमच्याकडच्या मोडी दप्तराचे मोल आम्ही जाणतो. पण विकिपीडियाला अप्रकाशित कागद आधार म्हणून चालत नाही, कारण वाचक तो तपासू शकत नाही, आणि त्याचा अर्थ लावणे हे मूळ संशोधन होते. आधी तो कागद एखाद्या संशोधन-पत्रिकेत किंवा तज्ज्ञाने संपादित केलेल्या खंडात लिप्यंतरासह छापून येऊ द्या. मग लेखात त्या छापील पानाचा हवाला देता येईल. मार्ग लांबचा आहे, पण त्यात दप्तर टिकते आणि इतिहासकारांनाही उपयोगी पडते.

तटस्थता म्हणजे गोड किंवा गुळमुळीत लिहिणे नव्हे. बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांचे प्रकरण पाहा. बडोद्यातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेयर यांच्यावर नोव्हेंबर १८७४ मध्ये विषप्रयोगाचा प्रयत्न झाला, त्याची चौकशी करायला आयोग बसला, आणि सहा सदस्यांत फूट पडली. तिघा इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांना दोषी मानले. ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांच्या मते आरोप सिद्ध झाला नव्हता. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केले, पण त्यासाठी दिलेले कारण विषप्रयोगाचे नव्हते, गैरकारभाराचे होते. कोणी चाहता ‘इंग्रजांच्या कारस्थानाचे बळी’ लिहील, कोणी ‘विषप्रयोग करणारा राजा’ लिहील, आणि दोन्ही वाक्ये आधारापुढे टिकणार नाहीत. कोण काय म्हणाले ते त्याच्या नावासकट लिहायचे आणि निवाडा वाचकावर सोडायचा. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव इंग्रज बादशहापुढे कसे वाकले आणि कसे वळले, याबद्दलही हेच. कौतुकाने लिहा वा नाराजीने, ते विधान कोणाचे हे सांगितल्याशिवाय लेखात जागा नाही.

ज्या ट्रस्टमध्ये दोन गट आहेत आणि प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे पडून आहे, तिथली दोन्ही बाजूंची मंडळी कधी कधी विकिपीडियावरच अध्यक्ष बदलू लागतात. प्रचालक अशा वेळी पान सुरक्षित करतात, म्हणजे कुलूप लावतात, आणि त्या क्षणी जी आवृत्ती असेल ती काही दिवस तशीच राहते. खरे अध्यक्ष कोण हे ते ठरवत नाहीत आणि ठरवूही नये. अशा काळात लेखाच्या बाजूच्या माहितीच्या चौकटीतून अध्यक्षाचे नावच काढून ठेवावे, हा आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा उपाय. दावे, प्रतिज्ञापत्रे, तक्रारअर्ज हे एका बाजूचे कागद असतात, त्यांच्या आधारावर कोणाविषयी आरोप लिहू नये.

छायाचित्रांत तुमची मदत सर्वांत मोलाची आहे, आणि तिथेच कागदपत्रे सर्वांत कच्ची असतात. फोटोचा प्रताधिकार सहसा फोटो काढणाऱ्याचा, पैसे देऊन काढून घेतला असेल तर बहुधा काढवून घेणाऱ्याचा असतो. फोटोत दिसणाऱ्याचा किंवा अल्बम जपणाऱ्याचा तो नसतो. ‘फक्त विकिपीडियासाठी परवानगी’ हा प्रकार तिथे चालत नाही. मुक्त परवान्यात कोणालाही, व्यापारासाठीसुद्धा, नाव देऊन ते चित्र वापरता येते, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे कार्यकारिणीत समजावून सांगून, ठराव करून मगच हक्कदाराने संमतीची ईमेल पाठवावी. आजच्या इमारतीचे, सभागृहाचे, शिलालेखाचे फोटो सभासदाने स्वतः काढून स्वतःच चढवले तर ही कटकटच उरत नाही. जुन्या फोटोंच्या मागे तारीख, स्टुडिओचे नाव, कुठे छापला होता, हे आजच पेन्सिलीने लिहून ठेवा.

शाळा-महाविद्यालयांत मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, कार्यशाळा ठेवायची असेल तर दोन गोष्टी आधी कराव्यात. एका जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात. चाळीस मुले संगणकाच्या खोलीत बसवली की सातव्यापासून सगळे अडतात. म्हणून मर्यादा वाढवून घेण्याची विनंती काही दिवस आधी करावी, नाहीतर मुलांनी घरूनच खाती काढून यावे. दुसरे, विषय ठरवून द्यावेत. विषय मोकळे सोडले की मुले प्राचार्यांवर आणि आपल्याच महाविद्यालयावर लिहितात, आणि त्यांचा पहिलाच लेख वगळला जातो. विश्वामित्री नदी, खंडेराव मार्केट, सूरसागर, न्यायमंदिर यांसारखे विषय द्या, प्रत्येकी दोन छापील आधार हाती द्या, आणि पहिला मसुदा धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहू द्या.

एक इशारा निकडीचा आहे. ‘इतक्या हजारांत विकिपीडियाचे पान हमखास करून देतो’ असे सांगणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. कोणताही प्रचालक पान मंजूर करण्याचे पैसे घेत नाही, आणि अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अशी एक टोळीच उघड झाली. नाकारलेले मसुदे शोधून ते त्या व्यक्तींना व कंपन्यांना गाठत, पान छापण्याचे पैसे घेत, आणि नंतर ते ‘राखण्यासाठी’ आणखी मागत. ३८१ खात्यांवर प्रतिबंध घातला गेला आणि २१० लेख वगळले गेले. पैसे भरणाऱ्यांच्या हाती काही राहिले नाही.

या पत्राची एक प्रत आमच्या सहसंपादकांसाठीही आहे. चिटणीस म्हणून कोणी नाते सांगून चर्चा पानावर आले की त्यांचे स्वागत झाले पाहिजे. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला झोडपले तर पुढचा माणूस न सांगताच लिहील. मजकूर जाहिरातबाज असेल पण माहिती आधारासह असेल, तर विशेषणे काढा, माहिती ठेवा. संशय आला तर बदलांवर बोला. कोणाचे खरे नाव, नोकरी, नातेवाईक शोधून चव्हाट्यावर मांडणे हा हितसंबंध लपवण्यापेक्षा मोठा गुन्हा मानला जातो, आणि तो तसाच मानला पाहिजे. आपण ज्या मंडळाचे सभासद आहोत त्याच्या कार्यकारिणीत निवडून आलो, की त्या लेखातून बाजूला होणे हे आपल्यालाही लागू आहे.

पदाधिकाऱ्यांनो, पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत एवढेच विषयपत्रिकेवर घ्या: चर्चा पानावर बोलायला एक माणूस नेमावा. संस्थेविषयी बाहेरच्यांनी लिहिलेल्या छापील मजकुराची यादी पान क्रमांकांसह करावी. पूर्वी कोणी संस्थेच्या नावाने खाते उघडले असल्यास ते वापरणे थांबवून तसे त्या खात्याच्या चर्चा पानावर जाहीर करावे. यादी तयार झाली की ती लेखाच्या चर्चा पानावर टाका. लेख अजून नसेल तर चावडीवर टाका, म्हणजे संस्थेशी संबंध नसलेल्या कोणाला तरी लिहायला घेता येईल.

आपले,
बडोद्यातील मराठी विकिपीडियाचे काही संपादक